अपक्ष, फरशी आणि संद्याचं कडं

जुलै लागला की आमच्या सांगलीत 'बरं आहे का' असं कुणी विचारत नाही, 'आयर्विनला किती फूट?' असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. २०२५ च्या जुलैतल्या त्या शनिवारीही सुरुवात तशीच झाली. अण्णांनी बावीस सांगितलं, संद्यानं फोनमध्ये बघून चोवीस सांगितलं, आणि त्या दोन फुटांवर एक चहा संपला.

कट्टा म्हणजे चहावाल्या मामांच्या गाड्यासमोर विटांवर ठेवलेली एक लांबलचक शहाबादी फरशी. २०१९ च्या पुरात तिच्या उजव्या कडेखालची वीट वाहून गेली, तेव्हापासून ती बाजू डुगडुगते. नवखा माणूस तिथं बसतो. संद्या वीस वर्षं येतोय, तरी तिथंच बसतो.

संद्या हिंजवडीला असतो. शुक्रवारी रात्री गाडी काढतो आणि शनिवारी सकाळी आम्हाला जग समजावायला हजर. जानेवारीपासून त्याच्या मनगटावर एक पांढरं प्लास्टिकचं कडं आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बघायला गेला होता, तिथलं. कार्यक्रमात ही कडी आपोआप उजळतात, आणि जाताना ती परत द्यायची असतात. कोणत्या शहरानं किती टक्के परत केली, हे तो बँड पडद्यावर लावतो. आता ते कडं उजळत नाही, पण उतरतही नाही.

"मुंबईचा टक्का तुझ्यामुळं घसरला," मुक्ता आल्या आल्या म्हणाली. "परदेशी पाहुण्यांसमोर नाक कापलंस."

मुक्ता दीड वर्ष इंग्लंडमधल्या लीड्सला होती. पाण्याचंच काहीतरी शिकून आली आहे, म्हणून हल्ली आयर्विनच्या फुटांवर शेवटचा शब्द तिचा असतो. मी तिची बाजू घेऊन लिहितोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. ती खरंच कमी बोलते आणि बरोबर बोलते. शिवाय त्या दिवशी चहाचे पैसे तिनं दिले होते.

तिनं फोन मामांच्या रिकाम्या स्टीलच्या ग्लासात उभा ठेवला. ग्लासात आवाज घुमतो. आधी बास गिटार आली, सरळ, थांबायचं नाव न घेणारी. मग एका बाईचा आवाज. निम्मं बोलणं, निम्मं गाणं, आणि मध्येच सगळं वाद्यांसकट अंगावर.

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. अण्णांच्या मते जगातलं संगीत १९७९ साली पिंक फ्लॉइडबरोबर संपलं, पुढचं सगळं वर्षश्राद्ध. "ही गाते कुठं, पोरी? ही तर बोलतेय."

"निरूपण चाललंय अण्णा. अभंग पुढं येतो."

"कोण ही?"

"लिली फाँटेन. उदयोन्मुख बँड आहे, नाव इंग्लिश टीचर."

पक्याच्या हातातला ग्लास हलला. "नको. ते नाव नको." पक्याला आठवीत इंग्रजीच्या बाईंनी वर्गाबाहेर किती तास उभं केलं, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण त्या व्हरांड्यातल्या बाकावर बोटं आपटत तो ढोल शिकला, हे आम्ही सगळे मानतो. तेव्हा बाईंचे उपकारच.

"चौघं आहेत," मुक्ता म्हणाली. "लिली गाते, लुईस व्हायटिंग गिटार, निकोलस ईडन बास, डग्लस फ्रॉस्ट ड्रम्स. लीड्सच्या संगीत महाविद्यालयात भेटलेले. मी पहिल्यांदा नाव वाचलं ते तिथल्या ब्रुडनेल क्लबच्या बाहेर रांगेत, पुढच्या मुलीच्या टी-शर्टवर. मला वाटलं खरंच शिक्षिका असेल."

"जॉनर काय?" संद्या. (जॉनर, म्हणजे गाण्याचा प्रकार, हा शब्द तो 'ज्याँऱ' असा म्हणतो. हिंजवडीत तसा म्हणत असावेत.)

"इंडी रॉक."

"इंडी म्हणजे विजापूरकडची?" पक्यानं प्रामाणिकपणे विचारलं. "लिंबांची?"

इथं पाच मिनिटं लिंबांत गेली. पक्याच्या मावसबहिणीचं सासर इंडीचं, तिथल्या लिंबाला म्हणे भौगोलिक मानांकन आहे, आणि लग्नात अण्णांनी किती मठ्ठा प्यायला, वगैरे. मुक्तानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "इंडी म्हणजे अपक्ष. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून पोरांनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढल्या. लंडनला रफ ट्रेड, मँचेस्टरला फॅक्टरी. त्यांच्याकडं वाजवणारे ते इंडी. पुढं त्या आवाजालाच ते नाव पडलं."

संद्या याचीच वाट बघत होता. फोन पुढं केला. "हे बघ. तुझ्या अपक्षांचा अल्बम आयलंड रेकॉर्ड्सचा. आयलंड युनिव्हर्सलची. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी कंपनी. कसले अपक्ष?"

खरं सांगतो, मला वाटलं मुक्ता अडकली. मुद्दा बिनतोड होता.

"मग आपल्याकडं अपक्ष काय करतो?" मुक्ता म्हणाली. "आधी स्वतःच्या बळावर निवडून येतो. २०२२ ला यांनी नाइस स्वान नावाच्या छोट्या कंपनीकडून पाच-सहा गाणी काढली. लोक यायला लागले. मग निकालाच्या दुसऱ्या दिवशी सत्ताधाऱ्यांना पाठिंबा."

"मतदारसंघाच्या विकासासाठी," अण्णा.

"मतदारसंघाच्या विकासासाठी," सगळे एकदम म्हणालो. मामासुद्धा.

संद्यानं हार मानली नाही. तो हार मानत नाही, विषय बदलतो. "ते असू दे. आजकालचे हे सगळे ब्रिटिश बँड इंडस्ट्री प्लांट असतात. मी रील बघितलंय."

"प्लांट म्हणजे? साखर कारखाना?" पक्या.

"म्हणजे कंपनीनं आधीच ठरवून, पैसे ओतून तयार केलेला बँड. वर दाखवायचं की पोरं आपोआप मोठी झाली. ते 'द लास्ट डिनर पार्टी' बघ. पाच पोरी, झगे घालून. एकही गाणं बाजारात नसताना २०२२ ला लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवलं! कसं काय? वशिल्याशिवाय?"

"पॅराशूट उमेदवार," अण्णांनी मान डोलावली.

"त्याआधी त्या ब्रिक्स्टनच्या 'विंडमिल'मध्ये वाजवत होत्या," मुक्ता म्हणाली. "दीडशे माणसांचा पब. छपरावर म्हणे कुत्रा असायचा. तिथं एक जण कॅमेरा घेऊन येतो, ज्याला त्याला टिपतो आणि यूट्यूबवर टाकतो. त्याच्या व्हिडिओवरून लोकांना कळलं. आता मॅनेजर चांगला मिळाला, कंपनी मोठी मिळाली, हे खरंच. पण पोरींना गाता येतं, वाजवता येतं, आणि खोलीत दीडशे लोक उभे होते. ती खोली कुठल्या कंपनीनं पेरली? आणि गंमत बघ, गिटार घेतलेली पोरं लवकर वर आली की त्यांना 'नशीब काढलं' म्हणतात. पोरी वर आल्या की 'कुणी आणलं?'"

यावर संद्या मनगटावरचं कडं फिरवत बसला. अण्णा म्हणाले, "आमच्या बँकेत पण हेच होतं," आणि पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या बढतीची गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे.

मग मुक्तानं मघाचं गाणं परत लावलं. त्याचं नाव मी मराठीत सांगतो: जगातली सगळ्यात मोठी फरशी. लिली ज्या गावची, ते लँकशायरमधलं कोल्न. कधीकाळी कापडगिरण्यांचं, आता कुणी सहज जाणार नाही असं. त्या गावाचा दावा आहे की जगातली सगळ्यात मोठी फरशी आमच्याकडं आहे. आणि गाण्यात ती फरशीच बोलते. मी अमुक आहे, मी तमुक आहे, तेव्हा पाय जपून टाका.

सगळ्यांनी आपण बसलो होतो त्या फरशीकडं बघितलं.

"हे गाव म्हणजे आपलंच की," अण्णा पहिल्यांदा खुलले. "आपण नाही का, परगावचा पाहुणा आला की, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक इथं केलं हे स्टँडपासून घरापर्यंत सांगत आणतो. मग भडंग. मग हळद."

"त्यांच्याकडं पण यादी आहे," मुक्ता म्हणाली. "जवळच पेंडल टेकडी. १६१२ साली तिथल्या बायाबापड्यांना चेटकीण ठरवून फाशी दिलं. आणि टायटॅनिक बुडताना जो बँडमास्तर शेवटपर्यंत वाजवत राहिला, वॉलेस हार्टली, तो कोल्नचा. अल्बर्ट रोडवर त्याचा पुतळा आहे. यांच्या अल्बममधलं शेवटचं, तेरावं गाणं 'अल्बर्ट रोड'."

मला हे फार आवडलं. म्हणजे ज्या रस्त्यावर बुडत्या जहाजावरच्या वादकाचा पुतळा आहे, त्या रस्त्याचं नाव शेवटच्या गाण्याला. सिनेमातला तो प्रसंग बघताना मी कॉलेजात रडलो होतो, आणि हे पक्यानं त्या वेळी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. त्यानं आत्ताही सांगितलं.

"अजून एक आहे. कोल्नला दरवर्षी रिदम अँड ब्लूजचा मोठा उत्सव भरतो. आणि लिलीचं २०२१ चं गाणं 'आर अँड बी'. कातडीचा रंग बघून लोक धरून चालतात की ही तेच गात असणार. तर ती म्हणते, दिसण्यावर जाऊ नका, मला तो गळाच नाही."

"म्हणजे जोशी म्हटलं की पत्रिका दाखवायला येतात तसं," अण्णा जोशी म्हणाले. त्यांना त्रास आहे खरा. एकदा एका माणसानं बँकेच्या काउंटरवर पासबुकाबरोबर पोराची पत्रिका सरकवली होती.

संद्यानं एवढ्या वेळात विकिपीडिया वाचून घेतलं होतं. "ठीक आहे, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं २०२४ चं मर्क्युरी प्राइझ मिळालंय. पण शर्यतीत चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा 'ब्रॅट' होता. त्याच्या कव्हरच्या रंगानं अख्खं जग हिरवं झालेलं. आणि तिची आई गुजराती आहे! आपल्या माणसाला डावलून दिलं."

"कालपर्यंत गुजराती लोकांनी कोल्डप्लेचा मोठा शो अहमदाबादला पळवला म्हणून रडत होतास," पक्या म्हणाला. मी पक्याला एवढं अचूक कधी ऐकलं नव्हतं.

मुक्तानं पुरस्काराचं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या वर्षी त्या पुरस्काराला प्रायोजकच मिळाला नाही. दरवर्षीचा झगमगाट रद्द, अ‍ॅबी रोड स्टुडिओत आटोपशीर समारंभ. रक्कम २५ हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं आपले साधारण २७ लाख, चौघांत. आणि लंडनबाहेरच्या कुणाला तो मिळाला दहा वर्षांनी. २०१४ ला एडिंबरोचे यंग फादर्स, त्यानंतर थेट हे.

"दहा वर्षं सगळं पुण्या-मुंबईला," अण्णा म्हणाले. त्यांना लंडन म्हणायचं होतं. आम्ही दुरुस्त केलं नाही.

"एवढा पुरस्कार मिळालाय तर मग 'उदयोन्मुख' कशाला म्हणायचं?" संद्या.

"युवा नेता पंचावन्नपर्यंत असतो," मामा गाड्यामागून म्हणाले. मामा सहसा चर्चेत पडत नाहीत. त्यांचे दोन पुतणे दोन पक्षांत आहेत.

इथपर्यंत सगळं हसतखेळत होतं. मग संद्यानं ते वाक्य टाकलं. "हे बघ, शेवटी क्वालिटी असली की माणूस स्टेडियमला पोचतोच. क्रिस मार्टिन आमच्यासमोर मराठीत बोलला. मराठीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"तिकिटाचा आकडा आठवून आलं असेल," मुक्ता म्हणाली. त्यानं तिकीट काळ्या बाजारातून घेतलं होतं. आकडा बायकोला एक सांगितलाय, आम्हाला एक. "संद्या, कोल्डप्ले १९९८ ला कॅम्डेनच्या एका पबात 'स्टारफिश' नावानं वाजवत होते. आत्ता ज्यांच्या पुनर्मीलनासाठी लोक वेडे झालेत ते ओएसिस, त्यांना कंपनीच्या माणसानं पहिल्यांदा ऐकलं ते १९९३ ला, ग्लासगोच्या किंग टट्समध्ये. तीनशे माणसांची जागा. स्टेडियमला पोचायचा रस्ता त्या खोल्यांतून जातो. आणि त्या खोल्या बंद पडतायत. २०२३ या एका वर्षात ब्रिटनमध्ये अशा १२५ जागांतलं गाणं थांबलं. भाडं, वीजबिल, शेजाऱ्यांच्या तक्रारी."

"मग पोरं घरी वाजवू देत. इंटरनेट आहे की. आर्क्टिक मंकीज मायस्पेस नावाच्या साइटवरून आले," संद्या.

इथं मला बोलावं लागलं, कारण आर्क्टिक मंकीज हा माझा प्रांत. २००६ ला त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा आठवड्यात साडेतीन लाखांवर प्रती गेल्या, आणि इथं मी एका एमपीथ्री सीडीवर बाराशे रुपयांचे हेडफोन घालवले. ते मायस्पेसवरून आले हे अर्धंच खरं. ते शेफील्डच्या पबांत वाजवायचे, घरी भाजलेल्या सीडी फुकट वाटायचे, लोकांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. आधी खोली, मग सीडी, मग इंटरनेट. मी हे सगळं बोललो. कुणी ऐकलं नाही, कारण त्याच वेळी मामांची भजी आली.

भजी खाता खाता मुक्तानं सांगितलं की लिली फाँटेन २०२४ च्या मार्चमध्ये लंडनच्या संसदीय समितीसमोर जाऊन हेच बोलली होती. मोठ्या कंपनीशी करार आहे, लोक तिकीट काढून येतात, तरी फक्त गाण्यावर पोट भरत नाही. समितीनं मग म्हटलं, स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागं थोडी रक्कम छोट्या जागांसाठी बाजूला काढा. सरकार म्हणालं, छान कल्पना, स्वेच्छेनं करा.

"स्वेच्छेनं," अण्णांनी भजी मोडली. "वर्गणी स्वेच्छेनं. आमच्या मंडळाची वही बघा."

"आमच्या मंडळाच्या वहीत तुमचं नावच नाही अण्णा," पक्या.

"कोल्डप्लेनं केलंय पण!" संद्या ओरडला. तो खरंच उजळला होता, कडं उजळलं नसलं तरी. "वाच! ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्लंडात वेम्बली आणि हल इथं जे शो आहेत, त्यातल्या बँडच्या कमाईतले १० टक्के छोट्या जागांच्या ट्रस्टला देणार!"

"म्हणजे तुझा क्रिस मार्टिन माझ्या बाजूनं आहे," मुक्ता म्हणाली.

हा क्षण मी जपून ठेवलाय. संद्याचं तोंड उघडं, त्यात भजी, आणि बाहेर काहीच नाही.

"गेल्या महिन्यात शेफील्डचं लेडमिल हे गाण्याचं ठिकाण गेलं," ती पुढं म्हणाली. "१९८० पासूनचं. जागामालकाशी वर्षानुवर्षं वाद, कोर्ट, शेवटी खाली करावं लागलं. उलट लीड्सचं ब्रुडनेल बघा. १९१३ चा कामगारांचा क्लब. म्हातारे बिलियर्ड्स खेळतायत, बिअर स्वस्त, आणि मागच्या हॉलमध्ये चारेकशे लोक कुणाला तरी ऐकतायत. क्लब जगला तो गाण्यामुळं, आणि गाणारी पोरं जगतायत क्लबमुळं."

"कोर्टात मालक आणि भाडेकरू," अण्णा म्हणाले, "तर आमच्या वाड्याची केस..."

"अण्णा, नको," तिघंही.

पण विषय तोवर आमच्या दुखण्यापर्यंत आलाच होता. अण्णांचा जसा वाडा, तसा आमचा बँड. २००९, नाव 'आयर्विन'. पक्या ड्रम्स, मी बास, संद्या गिटार आणि सगळ्यांना सूचना. एकच कार्यक्रम झाला. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, चाळीस माणसं, त्यातली तीस आमच्या नात्यातली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मालकांनी मेन स्विच ओढला. पुढच्या हॉलमध्ये साखरपुडा होता आणि त्यांच्या सनईच्या कॅसेटला अडचण होत होती.

"मेन स्विच नाही," पक्या म्हणाला. "तुम्ही दोघं दरवेळी मेन स्विच म्हणता. संद्याच्या ॲम्प्लीनं फ्यूज उडाला."

"तो ॲम्प्ली माझा नव्हता," संद्या. "तो ह्याच्या काकांचा होता."

"आणि तो मला अजून परत मिळालेला नाही," मी म्हणालो. सोळा वर्षं मी हे मनात ठेवलं होतं.

सगळे संद्याकडं बघायला लागले. मुक्तानं हळूच विचारलं, "परतीचा टक्का किती?"

अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "पोरांनो, तुम्ही उगाच विलायतेचं कौतुक करताय. विलायतेत पहिला नंबर आपल्या सांगलीनं काढलाय. कॉर्नरशॉप. लेस्टरचा बँड, पंजाबी पोरगा तजिंदर सिंग. १९९७ ला गाणं केलं आमच्या आशाताईंवर. पहिल्यांदा कुणी विचारलं नाही. मग नॉर्मन कुक नावाच्या डीजेनं त्याचा वेग जरा वाढवला आणि फेब्रुवारी १९९८ ला ब्रिटनमध्ये एक नंबर! आशा भोसले! जन्म सांगली!"

"अण्णा, पण संगीत तर १९७९ ला संपलं ना?" मुक्तानं विचारलं.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, चहाकडं बघितलं. "ते इंग्रजी," ते म्हणाले.

"ते इंग्रजीतच होतं."

"विषय आपला होता."

यावर मात्र कुणाकडं उत्तर नव्हतं. मुक्ताकडंसुद्धा. पक्यानं ते गाणं ग्लासात लावलं आणि फरशीवर बोटांनी ठेका धरला. त्या हादऱ्यानं उजवी बाजू डुगडुगायला लागली, तशी संद्या रागानं उठला. त्याला काहीतरी शेवटचं, मोठं बोलायचं होतं. कडं घातलेला हात वरही गेला होता. पण तो उठल्यावर वजनाचं गणित बिघडलं आणि दुसऱ्या टोकाचे अण्णा, भज्यांची प्लेट आणि तीन चहा हळूहळू, अगदी सन्मानानं, खाली आले.

अण्णांना काही झालं नाही. भजी गेली.

मामा फडकं घेऊन आले. फरशीची कड बघितली, विटा बघितल्या, मग मुक्ताला म्हणाले, "ताई, त्या गाणाऱ्या बाईचा नंबर आहे का? हिच्यावर पण एक गाणं करा म्हणावं. म्युन्सिपालटीत अर्ज देऊन दोन वर्षं झाली."

संद्या खाली वाकून काहीतरी शोधत होता. कडं तुटून गटाराच्या जाळीत गेलं होतं.

"चला," मुक्ता म्हणाली, "शंभर टक्के परत."